काळ्या कातळाचा कालनिर्णय

अजिंठ्याच्या उत्तरकालीन लेण्यांचे काम वाकाटक हरिषेणाच्या कारकिर्दीबरोबर संपले की त्यानंतरही चालू राहिले, याविषयी पंडितांमध्ये अवघ्या दहा-वीस वर्षांच्या अंतरावरून हिरिरीचे वाद झालेले आहेत. वेरूळच्या कैलासाचे श्रेय राष्ट्रकूट दंतिदुर्गाच्या पदरात किती टाकावे आणि कृष्णराजाच्या किती, यावरही पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. परंतु ज्या पाषाणात ही लेणी कोरली गेली, ज्या पाषाणाच्या कड्यांच्या भरवशावर आमचे गड उभे राहिले आणि ज्याच्या झिजेतून कपाशीची काळी जमीन तयार झाली, त्या पाषाणाचे स्वतःचे वय काय, हा प्रश्न आमच्या इतिहासकारांनी फारसा मनावर घेतलेला दिसत नाही. त्यात त्यांचा दोष आहे असेही नाही. ताम्रपट, बखरी, फर्माने आणि पेशवे दफ्तरातील रुमाल यांच्या आधारे ज्यांनी काळ मोजावयाचा, त्यांच्या हिशेबात कोटी वर्षांना जागा कोठून असणार? तथापि हा प्रश्न विचारला गेला, त्यावर दीडशे वर्षांहून अधिक काळ वाद चालला, त्यात पाद्री, डॉक्टर, पलटणीतले अधिकारी, वनस्पतिशास्त्रज्ञ आणि पदार्थवैज्ञानिक असे नाना प्रकारचे लोक उतरले, आणि त्याचा निकाल आता बराचसा लागलेला असला तरी एक कलम अजून तुंबलेलेच आहे.

या सर्व वृत्तांताकडे यंत्रांच्या प्रगतीचा इतिहास म्हणून पाहण्याची रीत आहे. यंत्रे सुधारली हे खरेच. परंतु माझ्या मते हा इतिहास मुख्यतः दगड नाकारण्याचा आहे: कोणता दगड विश्वासार्ह आणि कोणता नव्हे, हे ओळखावयास या व्यवसायातील लोकांना फार वेळ लागला, आणि जेव्हा जेव्हा उत्तर सुधारले तेव्हा तेव्हा त्याच्या मुळाशी आधीच्या पिढीने आनंदाने स्वीकारलेला एखादा नमुना पुढच्या पिढीने बाजूला टाकणे हेच होते.

दख्खनच्या या काळ्या फत्तराला भूशास्त्रज्ञ बेसाल्ट म्हणतात. आज तो सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापून आहे. महाराष्ट्राचा फार मोठा भाग, सौराष्ट्र, कच्छ, माळवा आणि दक्षिणेस बेळगावपर्यंतचा मुलूख त्याखाली येतो. एखाद्या शंकूसारख्या पर्वताच्या तोंडून तो उसळला असे नव्हे. भूपृष्ठाला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून पातळ लाव्हा बाहेर पडून दूरवर पसरत गेला, थंड झाला, आणि काही काळाने त्यावर दुसरा प्रवाह येऊन बसला. असे प्रवाह एकावर एक किती बसले असतील याची कल्पना सह्याद्रीच्या कोणत्याही घाटात मान वर करून पाहिली म्हणजे येते. १६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखरदेखील याच थरांचे आहे. कोळशाच्या शोधार्थ भुसावळ येथे १२१७ फूट खोल भोक पाडण्यात आले, तेव्हा हाती आला तो बेसाल्टच. परंतु त्या भोकातून निघालेल्या नमुन्यांत २९ निरनिराळे प्रवाह ओळखता आले, आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फर्मर यांनी १९२५ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. विहिरी खणणाऱ्या लोकांना हा थरांचा प्रकार कोणत्याही ग्रंथावाचून ठाऊक आहे. वरचा मुरूम संपला की ज्यात वायूच्या बुडबुड्यांची पोकळ घरे पांढऱ्या स्फटिकांनी भरलेली असतात तो मांजऱ्या लागतो, त्याखाली सुरुंगाशिवाय न फुटणारा घट्ट काळा पाषाण, आणि कधी कधी त्याच्याही खाली, दोन प्रवाहांच्या सांध्यात, हातभर जाडीचा तांबडा मातकट पट्टा. हा तांबडा पट्टा म्हणजे खालच्या थरावर ऊनपावसाचा अंमल चालू असतानाच्या अवधीची खूण होय. वाचकांनी तो ध्यानात ठेवावा. शंभर-सव्वाशे वर्षे कोणी त्याच्याकडे विशेष लक्ष दिले नाही, आणि शेवटी त्यानेच मोठी साक्ष दिली.

मुंबई सरकारच्या नोकरीत असताना दख्खनची माहिती गोळा करणारा कर्नल साइक्स हा जमिनीची वतने, पक्षी, पाऊसपाणी आणि खडक यांच्या नोंदी सारख्याच उत्साहाने ठेवीत असे. त्याने १८३६ साली लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेच्या ग्रंथात या आडव्या, पायऱ्यापायऱ्यांच्या थरांचे वर्णन छापले. वर्णन झाले, पण वय ठरेना. कारण त्या काळी खडकाचे वय ठरविण्याचा एकच मार्ग उपलब्ध होता, तो म्हणजे खडकात सापडणाऱ्या अश्मीभूत प्राण्या-वनस्पतींचा, आणि वितळलेल्या लाव्हात जीवाश्म टिकणार कसे? सुदैवाने दोन प्रवाहांच्या मधल्या शांततेच्या काळात कोठे कोठे तळी साचली, त्यांत गोगलगायी, मासे, बेडूक नांदले, काठावर झाडे वाढली, आणि पुढच्या प्रवाहाने सारे गाडून टाकले. या मधल्या थरांतील जीव हेच पहिले साक्षीदार. मद्रासच्या वैद्यकीय खात्यातील माल्कमसन यांनी पूर्वेकडच्या ट्रॅपमधील, म्हणजे याच बेसाल्टी थरांमधील, गोड्या पाण्याच्या गोगलगायींचे वर्णन १८४० साली प्रसिद्ध करविले. मुंबईत वरळीकडील अशाच थरांत एक इवलासा बेडूक मिळाला; त्याला लंडनचे सुप्रसिद्ध शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८४७ साली नाव दिले. आजच्या वरळीच्या टोलेजंग इमारतींच्या पायाखाली कोणे एके काळी बेडकांची वसाहत होती, हे तेथील रहिवाशांपैकी किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे.

या साक्षीदारांचा खरा वकील म्हणजे नागपूरचा स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज ज्याच्या नावाने चालते तोच हा. धर्मप्रचाराच्या कामातून सवड काढून तो आपला सहकारी रॉबर्ट हंटर याच्यासह हातोडी घेऊन हिंडे, आणि नागपूरजवळच्या टाकळी येथील मधल्या थरातून त्याने फळे, बिया, कीटकांचे पंख आणि शिंपले यांचा मोठा संग्रह जमविला. या संग्रहावरून तो अशा निर्णयाला आला की ट्रॅप तृतीयक कालाच्या आरंभीचा, म्हणजे भूशास्त्राच्या हिशेबाने तुलनेने अर्वाचीन असावा. १८६३ साली नागपूर परिसरातच पूर आलेल्या ओढ्यात बुडून त्याचा अंत झाला. पुढे सर्वेक्षण खात्याचे ब्लॅनफर्ड यांनी या खडकाची दूरवर पाहणी केली, आणि १८७९ च्या सरकारी संहिताग्रंथात ट्रॅपचे स्थान त्याहून मागे, क्रिटेशस कल्पाच्या उत्तरार्धाकडे ओढले गेले. या ओढण्याला आधारही होता. जबलपूरला ट्रॅपच्या लगेच खाली जे लामेटा थर आहेत त्यांत प्रचंड सरीसृपांची हाडे सापडत होती, आणि अशा प्राण्यांचा काळ क्रिटेशसबरोबर संपतो हे युरोपात सर्वमान्य झाले होते. ही हाडे १८२८ साली पहिल्याने ज्याच्या हाती लागली तो कॅप्टन स्लीमन म्हणजे ठगांचा बंदोबस्त करणारा तोच प्रख्यात स्लीमन. जमिनीत पुरलेले शोधून काढण्याचा त्याचा व्यासंग असा उभयपक्षी दिसतो.

खटला अर्धशतकाहून अधिक काळ असाच राहिला, परंतु १९३४ साली लखनौ विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक बिरबल साहनी यांनी ‘करंट सायन्स’मध्ये तो पुन्हा उभा केला. छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलाँ आणि इतर ठिकाणच्या मधल्या थरांतील ताडवर्गीय वृक्ष, निपासारखी फळे आणि पुढे सापडलेले आझोला नावाचे चिमुकले पाणनेचे या सर्वांचा कौल साहनींच्या मते इओसीनकडे, म्हणजेच हिस्लॉपच्या बाजूने पडत होता. साहनींचे प्रतिपादन इतके व्यवस्थित होते की त्यानंतर पुष्कळ वर्षे विद्यार्थ्यांच्या वह्यांत दोन्ही मते शेजारी शेजारी लिहिली जात, आणि परीक्षकाचा कल कोणीकडे आहे याचा अंदाज बांधून उत्तर लिहावे लागे.

जीवाश्मांच्या साक्षीचा मूलभूत दोष त्यांच्या अपुरेपणात नव्हता. साक्षीदार प्रामाणिक होते, पण त्यांना फक्त आधी आणि नंतर एवढेच सांगता येत होते; वर्षे किती, हे त्यांना ठाऊकच नव्हते. क्रिटेशस संपला तो काळ म्हणजे १ कोटी वर्षांपूर्वीचा की १० कोटी वर्षांपूर्वीचा, हे एकोणिसाव्या शतकात कोणालाच सांगता आले नसते. उलट ज्यांनी वर्षे सांगण्याचे धाडस केले त्यांनी गोंधळ वाढविला. पृथ्वी तप्त गोळ्यापासून थंड होत आली असे धरून लॉर्ड केल्व्हिन यांनी १८६२ च्या सुमारास तिचे वय २ कोटी ते ४० कोटी वर्षे या मर्यादेत बसविले, आणि १८९७ पर्यंत ते आपल्या हिशेबाने २ ते ४ कोटींवर येऊन ठेपले. गणित निर्दोष होते, गृहीतकृत्य सदोष. भूशास्त्रज्ञांना एवढ्या थोड्या काळात डोंगर चढविणे आणि झिजविणे अशक्य वाटे, पण केल्व्हिनांच्या गणितापुढे बोलण्याची त्यांची छाती होत नसे.

१८९६ साली बेकरेल यांना युरेनियमचे किरणोत्सर्जन आढळले, आणि १९०२ च्या सुमारास रदरफर्ड व सॉडी यांनी किरणोत्सर्गी मूलद्रव्ये ठराविक वेगाने दुसऱ्या मूलद्रव्यांत पालटतात हे दाखविले. या शोधात घड्याळ लपलेले होते. सावकाराच्या वहीत मुद्दल आणि जमलेले व्याज असे दोन आकडे दिसत असले व व्याजाचा दर पक्का ठाऊक असला म्हणजे कर्ज केव्हा काढले हे कोणीही सांगू शकतो. खडकात मूळ द्रव्य किती उरले आणि त्यापासून निपजलेले किती साचले, हे मोजले की तीच गोष्ट. फरक इतकाच की येथे मुद्दलच कमी होत जाते. अमेरिकेतील बोल्टवुड यांनी १९०७ साली युरेनियमच्या खनिजांतील शिसे मोजून ४१ कोटींपासून २२० कोटींपर्यंतची वये प्रसिद्ध केली. केल्व्हिनांच्या ४ कोटींचा हिशेब त्याबरोबर निकालात निघाला. त्यानंतर चारच वर्षांनी लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील आर्थर होम्स या एकवीस वर्षांच्या तरुणाने नॉर्वेच्या एका डेव्होनियन खडकाचे वय ३७ कोटी वर्षे काढले. आणि जीवाश्मांच्या कालक्रमाला वर्षांचे आकडे जोडण्याचा हा उद्योग त्याने जन्मभर केला. मधल्या काळात ब्रह्मदेशातील एका तेलकंपनीत जाऊन, कंपनी बुडाल्यामुळे आणि लहानगा मुलगा वारल्यामुळे तो खचून परतला; १९२४ साली डरहॅम येथे त्याला अध्यापनाची जागा मिळाली आणि विद्येचे नशीब म्हणूनच तो या धंद्यात टिकला. डरहॅमच्या त्या काळात त्याच्याबरोबर काम करणाऱ्यांत बनारस हिंदू विश्वविद्यालयाचे व्ही. एस. दुबे हे एक होते. १९२९ साली ‘नेचर’मध्ये दुबे आणि होम्स यांनी मिळून इंग्लंडमधील दोन काळ्या खडकांची वये हेलियम मोजून काढली. खडकांचे वय युरेनियम-शिशापुरते मर्यादित न ठेवता बेसाल्टसारख्या सामान्य खडकापर्यंत आणण्याच्या आरंभीच्या प्रयत्नांपैकी तो एक. त्यात एका भारतीय प्राध्यापकाचे नाव आहे हे आपल्याकडच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत ठळकपणे सांगितलेले मला आढळले नाही. ही हेलियम-पद्धत मात्र पुढे मागे पडली, कारण हेलियम अतिशय हलका वायू असून स्फटिकातून हळूहळू निसटून जातो, आणि वय खरे असते त्याहून कमी दिसते.

आमच्या बेसाल्टाची अडचण ती हीच. त्यात युरेनियम नगण्य. शिशाचे घड्याळ लागू करावे असे मोठे खनिजही नाही. उपाय निघाला तो पोटॅशियममधून. निसर्गातील पोटॅशियमच्या साधारण साडेआठ हजार अणूंत एक अणू किरणोत्सर्गी असतो. त्याचे अर्धायुष्य १२५ कोटी वर्षे, आणि त्याचा ऱ्हास झाला की दर शंभरांतील अकरांच्या आसपास अणूंचा आरगॉन वायू बनतो. लाव्हा द्रवरूप असेतो हा वायू निघून जातो; थिजल्यावर स्फटिकात कोंडला जातो. १९४८ साली अमेरिकेत ऑल्ड्रिच आणि नीअर यांनी जुन्या पोटॅशियमयुक्त खनिजांत असा आरगॉन खरोखर साचलेला असतो हे दाखविले, आणि पुढच्या दशकात बेसाल्टाच्या वयाचा मार्ग मोकळा झाला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील रामा यांनी दख्खनच्या काही नमुन्यांची पोटॅशियम-आरगॉन वये काढून ती १९६४ साली दिल्लीस भरलेल्या आंतरराष्ट्रीय भूशास्त्र परिषदेपुढे ठेवली. १९७० साली ऑस्ट्रेलियातील वेलमन व मॅकएल्हिनी यांनी आणि १९७३ साली जपानच्या कानेओका व हारामुरा यांनी त्याच प्रकारची वये छापली. आता निकाल लागणार, असे सर्वांना वाटले.

निकाल लागण्याऐवजी घोळ वाढला. जसजशी अधिकाधिक वये प्रसिद्ध होऊ लागली तसतसा त्यांचा पल्ला सुमारे ३ कोटी वर्षांपासून ८ कोटी वर्षांपर्यंत पसरला, आणि कित्येक ठिकाणी वरचा थर खालच्याहून म्हातारा निघाला. यावरून काहींनी असे अनुमान केले की सह्याद्रीचा ज्वालामुखी पाच कोटी वर्षे धुमसत राहिला असावा. हे अनुमान म्हणजे आकड्यावरील अंधश्रद्धेचा उत्तम नमुना होय. दोष ज्वालामुखीचा नव्हता, नमुन्याचा होता. दख्खनच्या बेसाल्टात पोटॅशियम पुष्कळदा अर्ध्या टक्क्याच्या आतच असते, म्हणजे साचलेला आरगॉन अगदीच थोडा. उलट आजूबाजूच्या हवेत आरगॉन जवळजवळ एक टक्का आहे आणि तो प्रत्येक सूक्ष्म फटीत शिरून बसतो. शिवाय ज्वालामुखी थंड झाल्यावर खडकांत फिरलेल्या गरम पाण्याने स्फटिकांचे काही भाग मातीसारखे करून टाकलेले. तेथून मूळ आरगॉन निसटला, आणि पोटॅशियम बाहेरून आत आले.

याचा अर्थ प्रयोगशाळेत काय होतो ते जवळून पाहण्यासारखे आहे. घाटातून आणलेला दगड विद्यार्थी करवतीने कापतो, त्याचा एक काप घासून घासून ०.०३ मिलिमीटर इतका पातळ करतो आणि काचेवर चिकटवून ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरतो. एवढा पातळ झालेला काळा फत्तर पारदर्शक असतो, ही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला नेहमीच आश्चर्य वाटणारी गोष्ट. करड्या-पांढऱ्या पट्ट्यांचे प्लॅजिओक्लेज, त्यांच्या मधून रंगीत ऑगाइट, आणि काळे ठिपके लोहखनिजाचे. येथेच बहुतेक नमुने बाद होतात. प्लॅजिओक्लेजच्या कडा धुरकट दिसल्या, किंवा स्फटिकांच्या मधल्या कोनांत हिरवट-तपकिरी मातकट द्रव्य दिसले की तो दगड परत पोत्यात. पसंत पडलेला दगड फोडून, चाळून, चुंबकीय विभाजकातून काढून प्लॅजिओक्लेजचे कण वेगळे करतात, सौम्य आम्लाने धुतात, आणि शेवटी चिमटीने एकेक कण निवडतात. दिवसभर बसून हाताशी येणारा साठा चमचाभरही नसतो. खडकाचे वय ठरविण्याच्या शास्त्रातील निम्म्याहून अधिक विवेक या टेबलाशी खर्च होतो. आरगॉन मोजणारा मास स्पेक्ट्रोमीटर नंतरचा.

दरम्यान उत्तर दुसऱ्याच दिशेने जवळ आले होते. लाव्हा थिजताना त्यातील लोहकण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवतात. ब्रिटनमधील क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी १९५६ साली दख्खनच्या दगडांतील ही दिशा मोजली, तेव्हा ती भारत त्या काळी विषुववृत्ताच्या बऱ्याच दक्षिणेस होता असे सांगू लागली. खंड सरकतात ही कल्पना त्या वेळी अमेरिकेत बहुतेकांना वेडगळ वाटत असे, आणि तिच्या पुनरुज्जीवनाचे काही श्रेय या काळ्या फत्तराकडे जाते. मुंबईच्या टाटा संस्थेतील सहस्रबुद्धे यांनीही दख्खन ट्रॅपच्या पुराचुंबकत्वाचा अभ्यास केला. या साऱ्यांतून एक चमत्कारिक गोष्ट पुढे आली: डोंगराच्या मोठ्या जाडीत ध्रुव उलटे आणि वरच्या काही थरांत सुलटे. पृथ्वीचे ध्रुव अनेकदा उलटसुलट झालेले आहेत. परंतु ज्वालामुखी पाच कोटी वर्षे चालला असता तर थरांत अशा उलथापालथी डझनांनी दिसावयास हव्या होत्या. फ्रान्सच्या कुर्तियो आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली याच मुद्द्यावर बोट ठेवले. जवळजवळ सर्व मुख्य उद्रेक एका उलट्या ध्रुवकालाच्या आसपास, म्हणजे सुमारे दहा लाख वर्षांच्या आत उरकलेला असणार, आणि तो काळ क्रिटेशसच्या अंताला लागून असणार. हिस्लॉप आणि ब्लॅनफर्ड यांच्या वादाचा निवाडा असा झाला की दोघेही फारसे चुकले नव्हते. सीमारेषाच ज्वालामुखीच्या अंगातून जात होती.

निवाड्याची ही घटना अमेरिकेतील आल्वारेझ पितापुत्र आणि त्यांचे सहकारी यांनी १९८० साली इटलीतील गुब्बिओच्या एका पातळ मातीच्या थरात इरिडियमचे अतिरिक्त प्रमाण दाखवून अशनिपाताचा सिद्धांत मांडल्यानंतर लगेच घडली, हे विसरून चालणार नाही. प्रचंड सरीसृपांच्या संहाराचा दोष आकाशातून आलेल्या दगडावर टाकावा की सह्याद्रीवर, असा नवा फौजदारी खटला त्यामुळे उभा राहिला, आणि साहजिकच आता लाखाच्या हिशेबाने तारखा हव्या होत्या. त्यासाठी आधी कोणता थर कोणत्या थराच्या वर आहे हे पक्के ठरविणे भाग होते, कारण काळा प्रवाह डोळ्यांना दुसऱ्या काळ्या प्रवाहासारखाच दिसतो. हे काम भूरसायनशास्त्राने केले. १९८० नंतरच्या दशकात ब्रिटिश व अमेरिकी पथके आणि पवईच्या आय.आय.टी.चे सुब्बाराव यांच्यासारखे भारतीय अभ्यासक यांनी पश्चिम घाटातील शेकडो नमुन्यांतील बेरियम, टायटॅनियम, स्ट्रॉन्शियम यांची प्रमाणे मोजून प्रवाहांचे गट पाडले आणि प्रत्येकाला गावाचे वा घाटाचे नाव दिले: जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा, देसूर. आजही परदेशातील एखादा संशोधक बेसाल्टावर बोलू लागला की त्याच्या तोंडी ही नावे येतात, आणि त्याला आंबेनळीचा घाट पोलादपूरहून महाबळेश्वरास चढतो हे ठाऊक नसले तरी त्या घाटातल्या दगडाचे रसायन पाठ असते. बुशेच्या लाव्हाने वर येताना पृथ्वीच्या कवचातील ग्रॅनाइटी द्रव्य पुष्कळ गिळले, त्यामुळे त्यातील स्ट्रॉन्शियम समस्थानिकांचे गुणोत्तर चढले. आंबेनळीचा लाव्हा त्या मानाने निर्मळ, खोल प्रावरणातून थेट आल्यासारखा. दोन्ही काळे, दोन्ही घट्ट. पण रसायनाच्या तक्त्यात एकमेकांपासून इतके दूर की घोटाळा होण्यास जागा नाही.

तारखांसाठी आरगॉनचीच पद्धत सुधारून वापरात आली. पोटॅशियम आणि आरगॉन वेगवेगळे मोजण्याऐवजी नमुना अणुभट्टीत न्यूट्रॉनांच्या माऱ्याखाली ठेवतात, त्यामुळे पोटॅशियमच्या काही अणूंचेच आरगॉनमध्ये रूपांतर होते आणि एकाच वायूच्या निरनिराळ्या समस्थानिकांचे गुणोत्तर मोजून भागते. मग नमुना टप्प्याटप्प्याने तापवितात. आधी कडेचा बिघडलेला भाग वायू सोडतो, नंतर गाभा. गाभ्याचे अनेक टप्पे एकच वय देऊ लागले तर त्या वयावर विश्वास ठेवावयाचा, नाहीतर दगड बाद. अर्थात येथेही दगड नाकारण्याचीच सोय होती. १९८८ साली डंकन आणि पाइल यांनी या पद्धतीने दख्खनचा उद्रेक थोडक्या काळात आणि सीमेच्या आसपास झाला असे दाखविले. आणि अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतील वेंकटेशन, पांडे व गोपालन यांनी १९९३ साली उद्रेकाचा बराच भाग सीमेच्या आधीच आटोपला असावा असा प्रश्न उपस्थित केला. आज पवईच्या आय.आय.टी.त या पद्धतीची राष्ट्रीय सुविधा आहे, आणि सह्याद्रीचा दगड तपासण्यासाठी विद्यार्थ्याला देश सोडावा लागत नाही.

आता तो तांबडा पट्टा. बेसाल्टात झिरकॉन हे खनिज जवळजवळ नसते, आणि झिरकॉनमधील युरेनियम-शिशाचे घड्याळ सर्वांत अचूक. प्रिन्स्टनच्या शॉन व सहकाऱ्यांनी तांबड्या पट्ट्यांची माती धुऊन त्यात ज्वालामुखीच्या राखेबरोबर पडलेले केसाएवढे झिरकॉन शोधले, आणि २०१५ साली मुख्य उद्रेक क्रिटेशसच्या अंताआधी सुमारे अडीच लाख वर्षे सुरू झाला व साडेसात लाख वर्षांच्या आसपास चालला असे जाहीर केले. त्याच वर्षी बर्कलीच्या रेन्ने आणि सहकाऱ्यांनी आरगॉनच्या मार्गाने लाव्हाच्या वाढीला अशनिपाताच्या सुमारास वेग आला असे सुचविले. चार वर्षांनी, २०१९ साली, दोन्ही पक्षांनी ‘सायन्स’च्या एकाच अंकात आपापली सुधारित कागदपत्रे दाखल केली. सीमा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची, यावर दोघांचे दुमत नाही. मतभेद पोलादपूरच्या थरावरून आहे. झिरकॉनपक्ष म्हणतो की उद्रेक चार उसळ्यांत झाला आणि पोलादपूरची उसळी अशनिपाताच्या काही दशहजार वर्षे आधी सुरू झाली. आरगॉनपक्ष म्हणतो की सीमा बुशे आणि पोलादपूर यांच्या सांध्याजवळच पडते, आणि लाव्हाचा मोठा हिस्सा त्यानंतरचा आहे.

दोन्ही पक्षांच्या अडचणी मात्र समजण्यासारख्या आहेत. आरगॉनच्या एकेका थराच्या वयात दोन्ही बाजूंना जी अनिश्चितता उरते ती कधी कधी पक्षांमधल्या अंतराहून मोठी. झिरकॉन अचूक खरे, पण तो राख पडण्यापूर्वी भूगर्भातील रसात जन्मलेला असू शकतो, म्हणून त्याचे वय थराच्या वयाहून अधिक दिसण्याचा संभव आहे, आणि तांबड्या पट्ट्यात साऱ्या राखा एकाच वेळच्या असतील असेही नाही. माझा कल कोणीकडे आहे असे विचारल्यास, झिरकॉनच्या बाजूची संख्या अधिक आकर्षक आणि आरगॉनच्या बाजूची शंका अधिक न्याय्य वाटते. परंतु खाजगी मतावर निवाडा होत नसतो. बुशेच्या सर्वांत वरच्या आणि पोलादपूरच्या सर्वांत खालच्या प्रवाहांतील प्लॅजिओक्लेज आजही निवडले जात आहे, आणि त्यातले बहुतेक, नेहमीप्रमाणेच, बाद होते आहे.